पेट्रोलच्या टाकीत मांजरेचं पाणी

लातूरहून नांदेडला जायचं तर चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा असं साधारण 140 किलोमीटर पडतं. लिटरला 20 किलोमीटर देणारी गाडी या वाटेवर 7 लिटर पेट्रोल पिते. त्या पेट्रोलचं वजन सव्वापाच किलो. आणि तेवढ्या प्रवासात गाडीच्या मागच्या नळकांड्यातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो गोळा करून तोलला तर भरेल सुमारे 15 किलो!

सव्वापाचाचे पंधरा झाले कसे? पेट्रोल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. इंजिनात ते जळतं तेव्हा कार्बनचा एकेक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन-दोन अणू पकडतो, आणि ऑक्सिजनचा अणू कार्बनच्या अणूपेक्षा जड असतो. म्हणजे जे दहा-एक किलो वाढले ते चाकूरच्या, अहमदपूरच्या, लोह्याच्या हवेचे. नांदेड येईपर्यंत इंजिन जवळपास 70 किलो हवा आत ओढतं. आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. वजनाने पाहिलं तर ती हवा जेवते आणि पेट्रोल तोंडी लावते.

सरकार गाड्यांच्या इंधनखर्चावर मर्यादा घालतं तेव्हा ती शेवटी या बाहेर पडणाऱ्या वजनावरच घालतं. सध्याचा भारतीय नियम कंपनीच्या गाड्यांच्या सरासरीला किलोमीटरमागे 113 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड एवढी सवलत देतो. ही मर्यादा आणखी आवळावी का, यावर दिल्लीत कंपन्या आणि अधिकारी यांची खडाजंगी चालू आहे. तो वाद समजून घ्यायचा तर आधी एका लिटरात काय दडलंय ते पाहायला हवं. कारण ते आपल्याला रोज दिसत असूनही कळत नाही.

एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचं, तेच. पण 9 युनिट ऐकून कुणाचे डोळे विस्फारत नाहीत. बैलांत मोजू. या दोन जिल्ह्यांनी देशाला गुरांच्या दोन नामांकित जाती दिल्या आहेत: लातूर जिल्ह्यातली देवणी आणि नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची लाल कंधारी. अशी एक धडधाकट जोडी औताला जुंपली, तर ती तासन्‌तास टिकवून जो जोर लावते तो साधारण एक अश्वशक्तीचा, म्हणजे पाऊण किलोवॅटचा. दिवसभरात सहा तास औत चाललं की झाली साडेचार युनिट. म्हणजे पंपावर शंभराच्या नोटेवर थोडे पैसे ठेवून आपण बाटलीभर घेतो, त्यात देवणीच्या एका जोडीची दोन दिवसांची मेहनत भरलेली असते. न दमणारी, कडबा न मागणारी.

मात्र ही मेहनत इंजिन पुरती हाती देत नाही. फ्रान्सच्या सादी कार्नोने 1824 सालीच दाखवून दिलं होतं की उष्णतेवर चालणारं कुठलंही यंत्र सगळी उष्णता कामात बदलू शकत नाही. काही भाग थंड बाजूला सोडून द्यावाच लागतो, यंत्र कितीही उत्तम घडवा. हा निसर्गाचा नियम, त्यात कंपनीचा दोष नाही. पण घर्षण, सिग्नलला उभं राहून घुरघुरणं, ब्रेक दाबून वेग मातीत घालवणं या गळती त्यावर चढतात. रेडिएटर तापतो तो आपल्याच पैशाने. चाकापर्यंत पोचतो जेमतेम चौथा हिस्सा, गावातल्या रहदारीत त्याहूनही कमी. दोन दिवसांच्या मेहनतीपैकी दीड दिवस उकाड्यात जातो.

बरं, त्या चौथ्या हिश्श्याने हलतं कोण? हजार किलोची गाडी आणि तिच्यात 65 किलोचा एकटा माणूस. ओढायच्या वजनात माणसाचा वाटा सहा टक्के. चौथ्या हिश्श्याचे सहा टक्के म्हणजे एकूण इंधनाचे दीड टक्का. लातूर ते नांदेड जाळलेल्या 7 लिटरपैकी माणसाला नेण्यात खर्ची पडलं ते शंभर मिलिलिटरच्या आसपास. बाकीचं सगळं लोखंड हलवण्यात आणि वाटेवरची हवा तापवण्यात.

वेगाचाही यात हात असतो. गाडीला समोरून अडवणारा हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 60 ऐवजी 100 ने गेलं तर रेटा दीडपट किंवा पावणेदोनपट नव्हे, जवळजवळ पावणेतीनपट होतो. तुळजापूर-नागपूर महामार्ग बराचसा रुंद झाला, गाड्या शंभरी सहज गाठू लागल्या, आणि ‘रस्ता सुधारला तरी ॲव्हरेज का पडलं’ असं लोक मेकॅनिकला विचारू लागले. मेकॅनिक बिचारा प्लग साफ करून देतो.

हे ॲव्हरेज मोजतात कसं, ही त्याहून मजेची गोष्ट. शोरूममधला विक्रेता जो आकडा ठोकून देतो त्याच्या मागे बहुतेकदा ‘एआरएआय प्रमाणित’ असं लिहिलेलं असतं. एआरएआय म्हणजे 1966 साली पुण्यात सुरू झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. आपली समजूत अशी की तिथे टाकी भरून गाडी पळवत असतील आणि किती संपलं ते पाहत असतील. प्रत्यक्षात गाडी जागची हलतही नाही. तिची चाकं मोठ्या रोलरवर चढवतात. रोलर असे बसवलेले की चाकांना खऱ्या रस्त्याइतका आणि हवेइतका विरोध व्हावा. समोर पडद्यावर एक ठरलेली रेघ सरकत असते: इथे थांबा, आता 32, आता 50, पुन्हा थांबा. चालकाने त्या रेघेबरहुकूम गाडी चालवायची. बरोबर 1180 सेकंद, म्हणजे 20 मिनिटांना 20 सेकंद कमी. सगळ्यात जास्त वेग ताशी 90. एसी बंद.

आणि पेट्रोल? ते मोजतच नाहीत. मागून निघणारा धूर हवेत मिसळून त्याचा नमुना पिशव्यांत भरून घेतात आणि त्यात कार्बन किती ते तपासतात. टाकीतून कार्बनचे जितके अणू आत गेले तितकेच नळकांड्यातून बाहेर यायला हवेत, कारण कार्बन वाटेत नाहीसा होत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या, कार्बन मोनॉक्साइडच्या आणि न जळलेल्या वाफेच्या रूपात तो सापडतोच. त्याची बेरीज केली की पेट्रोल किती जळलं ते कळतं. खाणाऱ्याच्या ताटाकडे न बघता त्याच्या श्वासावरून जेवण ओळखण्याचा हा प्रकार मला अजूनही चमत्कारिक वाटतो. शोरूमचा आकडा आणि आपल्या टाकीचा आकडा का जुळत नाही याचं उत्तरही इथेच आहे. पुण्याच्या त्या खोलीत मे महिन्यातलं नांदेड नसतं, एसी नसतो, मागच्या सीटवर तिघं नसतात आणि लोह्याच्या बाजारातली कोंडी नसते.

याच चाचणीच्या आकड्यावर कायदा उभा आहे. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. फ्रिज-एसीवर तारे चिकटवणारी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, त्याच कायद्यातून जन्मली. तिच्याकडेच गाड्यांच्या इंधनखर्चाचं काम आलं. ‘कॉर्पोरेट ॲव्हरेज फ्युएल एफिशियन्सी’ या लांबलचक नावाचं लघुरूप झालं कॅफे. पहिला टप्पा 2017-18 पासून लागू झाला तेव्हा मर्यादा होती 130 ग्रॅम. 2022-23 पासून ती 113 वर आली.

यातला ‘कॉर्पोरेट’ शब्द महत्त्वाचा. कायदा एकेका गाडीला अडवत नाही. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या मोटारी एकत्र घेऊन त्यांची सरासरी पाहतो. म्हणून एखादी कंपनी दांडगी एसयूव्ही विकू शकते, पण मग तिला हिशेब जुळवायला हलक्या किंवा विजेवरच्या गाड्या विकाव्या लागतात. या दुसऱ्या टप्प्यात एक विजेची गाडी तीन म्हणून धरली जाते, म्हणजे सरासरी खाली ओढायला तिचं बळ तिप्पट. मर्यादाही सर्वांना एकच नाही. कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जसं वाढेल तशी ती सैल होते. आत्ताचं सूत्र असं की सरासरी वजन 1145 किलो असेल तर 100 किलोमीटरला 4.77 लिटर, आणि त्यापुढे प्रत्येक 100 किलोमागे 0.2 लिटरची सवलत. 800 किलो सरासरीच्या कंपनीला लिटरमागे साडेचोवीस किलोमीटर गाठावे लागतात. 1600 किलोवाल्या कंपनीला साडेसतरा पुरतात.

बरीच वर्षं हा नियम मोडला तरी खिशाला फारशी चाट बसत नव्हती. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता 10 लाख रुपयांपर्यंतच्या दंडाशिवाय प्रत्येक विकलेल्या गाडीमागे वेगळा दंड: 100 किलोमीटरला 0.2 लिटरपर्यंत जास्त खाल्लं तर 25,000 रुपये, त्याहून जास्त असेल तर 50,000. लाखभर गाड्या विकणाऱ्याला हा आकडा किती होतो ते बोटांवर मोजून काढा, मग कंपन्या दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या घरापर्यंत का भांडतात ते कळेल.

लक्षात आलं असेल, कायदा ‘100 किलोमीटरला किती लिटर’ असं बोलतो आणि आपण ‘लिटरला किती किलोमीटर’ असं. दोन्ही एकच वाटतं. तसं नाही! एक काळी-पिवळी जीप लिटरला 10 देते, ती दुरुस्त करून साडेबारा द्यायला लागली. दुसरीकडे 20 देणारी छोटी गाडी बदलून 30 देणारी घेतली. कुणी जास्त पेट्रोल वाचवलं? दहातले दहा जण छोट्या गाडीकडे बोट दाखवतील, कारण तिथे दहा किलोमीटर वाढले आणि इथे अडीच. आता 10,000 किलोमीटर चालवून बघा. जीप 1000 लिटरवरून 800 वर आली, वाचले 200. छोटी गाडी 500 वरून 333 वर, वाचले 167. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी 2008 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच चकवा उघड करून दाखवला. माणूस वाढलेले किलोमीटर पाहतो, पैसे मात्र लिटरचे जातात. खरी बचत सर्वात अधाशी वाहनांत दडलेली असते, आणि आपलं लक्ष मात्र मुळात कमी खाणाऱ्यांच्या जाहिरातीकडे.

आता मूळ प्रश्न: मर्यादा आवळावी का? विरोधातला सगळ्यात जोरकस मुद्दा मराठवाड्यात तर फारच पटतो. इथे गाडी घेणारा रंग नंतर विचारतो, आधी विचारतो ‘ॲव्हरेज किती देते?’ परभणी-नांदेडकडे पेट्रोलचे दर राज्यात वरच्या बाजूला असतात, कारण डेपोपासून टँकरला लांब यावं लागतं. गिऱ्हाईकच इतकं जागं असेल तर सरकारने मध्ये कशाला पडावं?

मला हा मुद्दा अर्धाच खरा वाटतो. गाडी पंधरा-वीस वर्षं जगते, पण तिचं इंजिन कसं असावं हे फक्त पहिला मालक ठरवतो. तो पुण्या-मुंबईचा असतो, पाच-सहा वर्षांत गाडी काढून टाकतो, आणि त्याचा पगार असा की लिटरमागे दोन किलोमीटर इकडचे तिकडे झाले तरी झोप उडत नाही. मग ती गाडी लातूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात येते. तिथून एखादा शिक्षक घेतो, त्याच्याकडून उदगीरचा किंवा देगलूरचा दुकानदार. गाडीच्या आयुष्यातलं बहुतांश पेट्रोल हे दुसरे-तिसरे मालक भरतात आणि कारखान्यात निर्णय होताना त्यांचा आवाज कुठेच नसतो. शोरूमच्या दारात ज्याचं मत विचारलं जात नाही, त्याच्या वतीने बोलणारं कुणी असेल तर ते म्हणजे हा नियम. म्हणून तो कडक व्हावा अशा मताचा मी आहे.

कडक केला म्हणजे आपोआप शहाणा होतो असं मात्र नाही. 1973 च्या तेलसंकटाने हादरलेल्या अमेरिकेने 1975 साली जगातला पहिला असा कायदा केला. 1985 पर्यंत मोटारींची सरासरी दुपटीवर न्यायची, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला पावणेबारा किलोमीटर. हसू नका, तिथल्या तेव्हाच्या गाड्या जहाजं होती. मोटारी सुधारल्याही. पण कायद्याने हलक्या ट्रकसाठी वेगळी, सैल मर्यादा ठेवली होती. कंपन्यांनी काय केलं? घरगुती मोटारच ट्रकच्या सांगाड्यावर बसवली. आज जगभर रस्ता अडवून उभ्या असलेल्या एसयूव्हीच्या फौजेला त्या फटीचाही हातभार आहे. पुढे जुलै 2025 मध्ये तिथल्या संसदेने या नियमाचा दंडच शून्य करून टाकला. जपानने 1990 च्या दशकाच्या शेवटी उलटी रीत काढली. बाजारात आज जी गाडी सर्वात कमी खाते तिला पुढे धरायचं आणि काही वर्षांनी तोच सगळ्यांचा मापदंड करायचा. सरकारला आकडा हवेतून काढावा लागत नाही, स्पर्धकच तो काढून देतो. मला ही युक्ती फार आवडते.

आपल्याकडचा वाद वजनाच्या रेषेवर आहे. बीईईने सप्टेंबर 2025 मध्ये तिसऱ्या टप्प्याचा मसुदा काढला, 2027-28 पासूनच्या पाच वर्षांसाठी, दरवर्षी थोडा थोडा आवळत जाणारा. त्यात 909 किलोपर्यंतच्या, 1200 सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाड्यांना किलोमीटरमागे 3 ग्रॅमची जादा सवलत सुचवली होती. झालं, उद्योगात दोन तट पडले. छोट्या गाड्यांवर जगणारी मारुती म्हणते, हलकी गाडी मुळातच कमी खाते, तिच्यातून आणखी पिळून काढणं महाग पडतं आणि दुचाकीवरून चारचाकीवर येऊ पाहणारं कुटुंब तिथेच अडकतं. टाटा आणि महिंद्रा म्हणतात, एकाच्या सोयीची रेघ का ओढता? दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, स्वार्थही आहे. पण वर काढलेला दीड टक्क्याचा हिशेब आठवा. जे सूत्र वजन वाढवणाऱ्याला सवलत देतं ते लोखंड हलवण्यालाच सवलत देतं. माझ्या मते हलक्या गाडीला वेगळी सूट द्यायची गरज नाही, जड गाडीची सूट आणखी कमी करावी. काम तेच होतं आणि चार मीटर की चार मीटरला दोन इंच कमी, हा खेळ थांबतो.

इथवरचा हिशेब जगात कुठेही लागू आहे. लातूर-नांदेडचा वेगळेपणा पुढे आहे, आणि तो आहे टाकीत.

आज पंपावर मिळणारं पेट्रोल निव्वळ पेट्रोल नसतं. त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. हे मिश्रण देशाने 2025 मध्ये गाठलं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, उसापासून, मळीपासून, तांदळा-मक्यापासून होणारं. लातूर जिल्ह्यातले कारखानेही साखरेच्या जोडीने ते काढतात. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आधीपासून बसलेला असतो. थोडक्यात, ते अर्धवट जळून आलेलं इंधन आहे. त्यामुळे मिश्रणाने ॲव्हरेज घटतं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानेच अंदाज दिला होता: जुन्या बांधणीच्या चारचाकीत सहा ते सात टक्के, दुचाकीत तीन ते चार टक्के, आणि या मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या चारचाकीत एक-दोन टक्के.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे आणि तो वाचून लातूरकराने दोन मिनिटं गप्प बसावं. उसातून मिळणाऱ्या एका लिटर इथेनॉलमागे पाणी लागतं सुमारे 2860 लिटर.

लातूरला पाणी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. 2016 च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या टाक्यांभोवती मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागली. मग 11 एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ निघाली. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन काढलेल्या दहा वाघिणी, 342 किलोमीटरचा प्रवास, दुसऱ्या दिवशी पहाटे लातूर. पहिल्या खेपेत आलं 5 लाख लिटर पाणी. पुढे 50 वाघिणींची गाडी 25 लाख लिटर आणू लागली. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्या गाडीचे फोटो छापले.

आता भागाकार करा. पहिल्या जलदूतचं सगळं पाणी उसाला पाजलं असतं तर इथेनॉल निघालं असतं 175 लिटर. 20 टक्क्यांच्या हिशेबाने ते 875 लिटर पेट्रोलला पुरलं असतं. म्हणजे एका मोटारीच्या लातूर-नांदेड सव्वाशे फेऱ्या. एका फेरीच्या 7 लिटरमध्ये इथेनॉल 1.4 लिटर, आणि त्याचं पाणी 4000 लिटर! टाकीचं झाकण उघडून वास घेतला तर पेट्रोलचा येतो, पण इथेनॉलमागचं पाणी धरून आकारमानाने पाहिलं तर त्यात तेल नावालाच आहे.

हा हिशेब जसाच्या तसा कुणाच्या तोंडावर फेकता येणार नाही. आपल्या पंपावरचं इथेनॉल लातूरच्याच उसाचं असेल असं नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत मक्यापासून होणारं इथेनॉल झपाट्याने वाढलंय. साखर काढून उरलेल्या मळीपासून ते केलं तर पाण्याचा बोजा साखरेच्या नावावरही घालायला हवा. उसाच्या पाण्यात पावसाचाही वाटा असतोच. आणि परदेशी तेलाचे डॉलर वाचतात, ऊसवाल्याला कारखान्याकडून पैसे वेळेवर मिळायला मदत होते, हेही खरं. पण पाणी आणि टाकी यांचं नातं सरकारला माहीत नाही असं समजू नका. 2023 मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर तडकाफडकी निर्बंध घातले होते. आभाळ कोरडं पडलं की त्याचा परिणाम पेट्रोलपंपापर्यंत पोचतो, असा देश आपण होऊन बसलो आहोत.

म्हणूनच इथे इंधनखर्चाचा नियम हा पाण्याचाही नियम आहे. तीच गाडी 20 ऐवजी 25 देऊ लागली तर एका फेरीत 1.4 लिटर वाचतात, त्यात 0.28 लिटर इथेनॉल, आणि त्या इथेनॉलमागचं 800 लिटर पाणी. न पिकवलेल्या उसाचं, न उपसलेल्या बोअरचं. ठिबक बसवण्यासाठी अनुदान मिळतं. चांगल्या इंजिनालाही त्याच खात्यातून द्यायला हरकत नाही, असं मी गमतीने म्हणतो, पण पूर्ण गमतीने नाही. गंमत तर पुढेच आहे: तिसऱ्या टप्प्याच्या मसुद्यात इथेनॉल-मिश्रणावर चालणाऱ्या गाडीचा कार्बन काही टक्क्यांनी कमी धरावा असं सुचवलंय, कारण ऊस किंवा मका वाढताना हवेतला कार्बन शोषून घेतात. कार्बनच्या बाजूने ते बरोबर आहे. पण म्हणजे इथेनॉल घातल्याने गाडी प्रत्यक्षात जास्त लिटर पिते आणि कागदावर मात्र कमी खाते असं दिसतं. पाण्याला त्या कागदावर रकानाच नाही.

कागदावर नसलेलं आणखीही बरंच आहे. कॅफे फक्त मोटारींना लागू. बारा टनांवरच्या ट्रक-बससाठी 2017 मध्ये वेगळी अधिसूचना निघाली. तिची चाचणी ट्रक ताशी 40 आणि 60 अशा एकाच ठेक्यात पळवून करायची. गाळप हंगामात औसा किंवा रेणापूरच्या रस्त्यावर जो ट्रक अडकलाय त्याला हा ठेका सांगून बघा. दोन ट्रॉल्या जोडून उसाची मोळी ओढणारा ट्रॅक्टर तर या दोन्ही नियमांत बसत नाही. त्याची तपासणी मध्य प्रदेशात बुदनीच्या संस्थेत होते, तिथे त्याचं ताशी डिझेल मोजतात. शेतकऱ्यालाही तेच कळतं, कारण ट्रॅक्टरवाला भाडं एकराचं नाहीतर तासाचं सांगतो. आणि जीपच्या गणितावरून आठवेल: सर्वात मोठी बचत याच अधाशी यंत्रांत आहे. मोटारींवर चाललेल्या तीन ग्रॅमच्या भांडणापेक्षा ट्रक आणि ट्रॅक्टरसाठी खऱ्या रस्त्यावर, खऱ्या ओझ्यासह घेतलेली एक चाचणी मराठवाड्याला जास्त डिझेल वाचवून देईल.

तिकडे एसटीच्या आगारात हा हिशेब फार पूर्वीपासून रोज लिहिला जातो. तिथे लिटर नव्हे, दहा लिटर हे माप. दहा लिटरमागे किती किलोमीटर झाले ते केपीटीएल. एसटीची डिझेल बस लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते. कॅफेच्या चष्म्यातून पाहिलं तर ती राक्षस आहे. पण लातूर-नांदेडच्या बसमध्ये चाळीस माणसं असतील तर सगळं मिळून लागतं 31 लिटर, माणशी पाऊण लिटरच्या आसपास. मोटारीत एकटा बसून जाणाऱ्याला लागले 7. चौघं बसले तरी प्रत्येकी पावणेदोन. दोघांना घेऊन 60 देणारी मोटारसायकल, जिचा आपण एवढा अभिमान धरतो, तीही माणशी सव्वा लिटरच्या घरात. धुरकटलेल्या खिडक्यांची, एक काच कायम अडकलेली ती लाल गाडी या सगळ्यांना मागे टाकते.

कॅफेच्या सूत्रात वजनाला जागा आहे. सप्टेंबर 2025 च्या मसुद्यात इंजिनाच्या आकाराला, गाडीच्या लांबीला आणि इथेनॉललाही जागा मिळाली. गाडीत माणसं किती बसली, ही नोंद मात्र फक्त कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये असते.